पोत्यातलं खाद्य एकसारखं मिसळलंय का? मिठावरून ओळखा



"खाद्य तेच, पोतं तेच, मग एकच गाय का उतरली?" हा प्रश्न दूध संकलनाच्या वेळी कोणीतरी विचारतंच. त्याची कारणं बरीच असतात. पण एक कारण असं आहे की ते कोणी तपासतच नाही, कारण ते डोळ्याला दिसत नाही. खाद्याचा फॉर्म्युला बरोबर असतो, मालही चांगला असतो, फक्त तो नीट एकजीव झालेला नसतो.

मोठ्या गोठ्याचं यात फारसं बिघडत नाही. वीस गाई असतील तर दिवसाला दोन पोती संपतात. आज एखाद्या पोत्यात खनिज मिश्रण कमी पडलं तर उद्याच्या पोत्यात जास्त येतं आणि आठवड्याभरात हिशोब जुळतो. पण आपल्यातल्या बहुतेकांकडे एक-दोन गाई. एका गाईला रोज ५ किलो आंबोण धरलं तर ५० किलोचं पोतं दहा दिवस चालतं. म्हणजे त्या पोत्यात जे कमी आहे ते त्या गाईला दहा दिवस कमीच मिळणार. म्हणून मिसळण्यातली चूक सगळ्यात जास्त लहान शेतकऱ्याला भोवते. खाद्य कंपन्या हे तपासतात, आपणही तपासायला हवं. त्याला लागतं काय? टीडीएस मीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोन तास.

*मीठच का?*

समजा, १०० किलो खाद्य करताना आपण असं प्रमाण धरलं: मक्याचा भरडा ३५ किलो, सरकी पेंड २५, गहू भुसा १५, सोयाबीन पेंड १२, तूर चुनी १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. मका थोडा इकडेतिकडे झाला तर गाईला कळतही नाही. खरी कसोटी शेवटच्या तीन किलोंची. १०० किलोच्या ढिगात २ किलो खनिज मिश्रण सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. पाच किलोच्या आंबोणात १०० ग्रॅम खनिज आणि ५० ग्रॅम मीठ आलंच पाहिजे, मग ते पोत्याच्या वरचं असो की तळाचं.

खनिज मिश्रण घरी मोजता येत नाही. मीठ मोजता येतं, कारण ते पाण्यात लगेच विरघळतं आणि मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते. टीडीएस मीटर नेमकी तीच गोष्ट मोजतो. मीठ जिथे सारखं पसरलं तिथे त्याच्यासारखीच बारीक असलेली खनिज भुकटीही बऱ्यापैकी सारखी पसरली असणार, असा हा अंदाज आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी सांगितलेली मिक्सर-चाचणीही मिठावरच चालते. तिथे मीटरऐवजी मिठातलं क्लोराइड दाखवणाऱ्या पट्ट्या वापरतात. मोठे कारखाने रंग दिलेले बारीक लोखंडी कण खाद्यात टाकतात आणि चुंबकाने परत काढून मोजतात. आपल्याला एवढं करायची गरज नाही.

*नमुने घ्यायची पद्धत*

अर्धी चाचणी इथेच होते किंवा फसते. एका जागचे दहा नमुने घेऊन काही कळणार नाही. मिक्सरमधून माल खाली पडत असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या अंतराने दहा वेळा डबा धरायचा. प्रत्येक वेळी साधारण पावशेर माल घ्या. पहिलं घमेलं आणि शेवटचं घमेलं सोडू नका, गडबड बहुतेक तिथेच असते.

पोती आधीच भरून झाली असतील तर वरून हाताने ओंजळ काढू नका. व्यापारी पोत्यात खुपसतात ती टोकदार नळी मिळाली तर उत्तम. नाहीतर पोतं ताडपत्रीवर आडवं करून उसवा आणि वरचा, मधला व तळाचा माल वेगवेगळा घ्या. तीन-चार पोत्यांतून मिळून दहा नमुने करा. प्रत्येक नमुना वेगळ्या पिशवीत, नंबर टाकून. नमुने एकत्र मिसळायचे नाहीत. प्रोटीन तपासायला प्रयोगशाळेत पाठवताना आपण मिसळतो, इथे उलटं आहे. आपल्याला फरकच बघायचा आहे.

आणखी एक अकरावी पिशवी लागेल: मीठ आणि खनिज न घातलेल्या त्याच खाद्याची. पेंड आणि भुशात मुळातच क्षार असतात, ते मीटरला दिसतात. ते वजा केल्याशिवाय मिठाचा आकडा मिळत नाही.

*घरी चाचणी*

प्रत्येक पिशवीतला माल आधी हाताने हलवून त्यातून ५० ग्रॅम मोजा. त्यात ५०० मिली पाणी घाला. पाणी आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते. बोअरचं नको, त्यात आधीच क्षार असतात. एक मिनिट ढवळा, बरोबर दहा मिनिटं तसंच ठेवा, परत ढवळा, फडक्यातून गाळा आणि गाळलेल्या पाण्यात मीटर बुडवा. आकडा स्थिर झाला की लिहून घ्या. प्रत्येक नमुन्यानंतर मीटरचं टोक स्वच्छ पाण्यात धुवा. सगळ्यांना पाणी तेवढंच आणि वेळ तेवढाच, इथे चालढकल केली तर फरक मिक्सरचा की आपल्या हाताचा ते कळणार नाही. खात्रीसाठी एकाच पिशवीतला माल तीन वेळा मोजून बघा. तिन्ही आकडे जवळजवळ आले तर पद्धत जमली.

१ टक्का मीठ असेल तर ५० ग्रॅम खाद्यात अर्धा ग्रॅम मीठ येतं आणि अर्ध्या लिटर पाण्यात ते सुमारे १००० पीपीएम दाखवतं. खनिज मिश्रणातलाही थोडा भाग विरघळतो, त्यामुळे आकडा जरा वर येऊ शकतो. पण आपल्याला नेमका आकडा नको आहे, दहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते हवं आहे.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. मळीमध्ये क्षार भरपूर असतात, म्हणून चाचणी मळी घालण्याआधीच्या मालावर करा. खाण्याचा सोडा घालत असाल तर तोही मीटरला दिसतो. आणि मीठ बारीकच हवं. खडे मीठ घातलं तर चाचणी फसते, खाद्यही फसतं. एक खडा साधारण ०.१ ग्रॅमचा धरला तर ५० ग्रॅम खाद्यात जेमतेम पाच खडे येतील. कधी तीन, कधी आठ. मिक्सर कितीही फिरवा, पाच खडे सगळीकडे सारखे वाटता येत नाहीत. तेच मीठ बारीक दळलं की हजारो कण होतात. खनिज मिश्रण गाठी झालेलं वापरू नका असं आम्ही दरवेळी सांगतो त्याचं कारण हेच.

*आकड्यांचा हिशोब*

समजण्यासाठी दोन घाणी घेऊ (आकडे उदाहरणापुरते). मीठ न घातलेल्या खाद्याचा आकडा ८०० आला, तो प्रत्येकातून वजा केला.

पहिली घाण: ९९०, १०५०, ९२०, १०१०, १०८०, ९६०, १०३०, ९००, १०४०, १०२०.
दुसरी घाण: ६२०, १४८०, ८९०, ७००, १३१०, ११५०, ७६०, १०४०, १२९०, ७६०.

दोन्हींची सरासरी बरोबर १०००. म्हणजे मीठ दोन्हीत तेवढंच पडलंय, वजनात चोरी नाही. दहाही नमुने एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवले असते तर दोन्ही घाणींचा रिपोर्ट सारखाच चांगला आला असता! पण दुसऱ्या घाणीतलं पहिलं घमेलं ज्या गाईला मिळालं तिला ५० ग्रॅमऐवजी ३१ ग्रॅम मीठ मिळालं आणि दुसरं घमेलं मिळालेल्या गाईला ७४ ग्रॅम. मिठाचं एकवेळ ठीक आहे, जास्त झालं तर गाय पाणी जास्त पिईल. पण खनिज मिश्रणही त्याच हिशोबाने पडलं असेल, तर एकीला १०० ऐवजी ६० ग्रॅमच्या आसपास मिळत राहिलं. मग ती गाय वेळेवर माजावर येत नाही, भरवली तर उलटते, आणि आपण रेतनाला दोष देत बसतो.

फरक मोजायची सोपी रीत अशी. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा. कमी की जास्त ते बघू नका, नुसतं अंतर. दहा अंतरांची सरासरी काढा आणि मूळ सरासरीच्या किती टक्के येते ते बघा. पहिल्या घाणीत ४६ येते, म्हणजे ४.६ टक्के. दुसऱ्या घाणीत २५४, म्हणजे २५ टक्के. हा आकडा ८ टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण उत्तम समजा. १६ च्या वर गेला तर ते खाद्य मिसळलेलंच नाही असं धरा.

घरातल्या मुलाला मोबाईलवर एक्सेल येत असेल तर खरा मापदंड काढता येतो. त्याला 'विचलन गुणांक' म्हणतात (प्रमाण विचलन भागिले सरासरी, गुणिले १००). खाद्य उद्योगात त्याचा ठोकताळा असा आहे: १० टक्क्यांच्या आत उत्तम, १० ते १५ चांगलं, १५ ते २० कामचलाऊ, २० च्या वर खराब. आपली पहिली घाण यात ५.८ टक्के येते, दुसरी जवळजवळ ३० टक्के.

*खराब आलं तर?*

आधी मिक्सरचा वेळ बघा. आडव्या मिक्सरमध्ये आत पट्टी फिरते, त्याला साधारण ३ ते ५ मिनिटं पुरतात. उभ्या मिक्सरमध्ये मधला स्क्रू माल खालून वर नेतो, त्याला १० ते १५ मिनिटं लागतात. आपल्याकडे गावोगाव उभेच मिक्सर जास्त, आणि रांग लागली की चालवणारा पाच मिनिटांत माल काढतो. तुम्ही समोर उभे राहा आणि मोबाईलवर वेळ लावा. हा वेळ शेवटचा जिन्नस पडल्यापासून मोजायचा. एकाच मिक्सरची वेगवेगळ्या वेळेला चाचणी केली की कुठल्या मिनिटानंतर फरक कमी व्हायचा थांबतो ते कळतं. तो त्या मिक्सरचा वेळ. त्याच्या पुढे फिरवून फक्त वीजबिल वाढतं.

वेळ पुरेसा देऊनही फरक राहिला तर मिक्सर किती भरलाय ते बघा. आडव्या मिक्सरमध्ये माल पट्टीच्या वर गेला की वरचा थर जागचा हलतच नाही. अर्ध्याहून कमी भरला तरी नीट मिसळत नाही. पट्टी झिजून तळ आणि पट्टीमध्ये अंतर पडलेलं असेल तर तळाचा माल तसाच राहतो. आधीच्या वेळचा माल आत चिकटून राहिला तर तो पुढच्या घाणीत जातो. मेंढपाळ सभासदांनी हे विशेष बघावं. मेंढीला तांबं सोसत नाही आणि गाईच्या खनिज मिश्रणात तांबं असतं. मेंढ्यांचं खाद्य मिक्सर पूर्ण झाडून, साफ करूनच करा.

नंतर येतो जिन्नस टाकायचा क्रम. निम्मा भरडा आधी, मग मीठ-खनिज, मग उरलेलं धान्य आणि पेंड, आणि मळी अगदी शेवटी. मळी आधी टाकली की खनिजाच्या भुकटीचे गोळे होतात आणि ते सुटत नाहीत. मीठ-खनिज थेट १०० किलोवर फेकू नका. ३ किलो मीठ-खनिजात ३ किलो गहू भुसा मिसळा, त्या ६ किलोत आणखी ६ किलो, त्या १२ किलोत १२ किलो. हे २४ किलो मग मोठ्या ढिगात घाला. ताडपत्रीवर फावड्याने मिसळणाऱ्यांसाठी तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. जिन्नस थराथराने पसरा आणि ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चार वेळा ओढा. जागच्या जागी उलथापालथ केली तर ढिगाचा मधला भाग तसाच राहतो. हाताने मिसळूनही मिश्रण चांगलं होतं, पण दमछाक होते आणि चौथ्या वेळी आपण अंगचोरी करतो, खरं की नाही?

आणि हो, मिसळून झालं म्हणजे संपलं असं नाही. उंचावरून माल ओतला की जाड दाणे घरंगळून कडेला जातात आणि भुकटी मध्ये राहते. टेम्पोत हादरे बसले की बारीक माल तळाला उतरतो. म्हणून मिक्सरच्या तोंडाशी चांगला आलेला आकडा घरी पोत्यात बिघडलेला सापडतो. भरडा फार जाड आणि खनिज फार बारीक असेल तर हे जास्त होतं. ३ ते ५ टक्के मळीने भुकटी दाण्याला चिकटते आणि पुष्कळ फरक पडतो. पोतं गोठ्यात नेल्यावर रिकाम्या ड्रममध्ये ओतायची सवय असेल तर ती सोडा, पोत्यातूनच काढा. कांडी खाद्यात भुकटी दाबून बसवलेली असते, म्हणून तिथे हा त्रास कमी. पण पोत्याच्या तळाला चुरा जास्त निघत असेल तर तोही आणून दाखवा.

शेळ्या आणि कोंबड्यांना हे सगळं आणखी लागू होतं, कारण त्यांचा घास लहान. शेळीला दिवसाला पाव किलो खाद्य, ब्रॉयलरच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सरासरी वीस-बावीस ग्रॅम. तेवढ्या चिमटीत सगळी जीवनसत्त्वं आणि खनिजं यायला हवीत.

*युरियाबद्दल, कृपया पूर्ण वाचा*

काहीजण पेंड महाग झाली की खाद्यात युरिया टाकतात. *टीडीएस मीटरला युरिया दिसत नाही.* युरियाच्या पाण्यातून वीज वाहत नाही. म्हणून मिठाचा आकडा चांगला आला तरी युरिया सारखा पसरला, असं अजिबात समजू नका. पावसाळ्यात युरियाला पाणी सुटतं, गाठी होतात, आणि एकच गाठ एका घमेल्यात जाते.

सवय नसलेल्या जनावराला शरीरवजनाच्या दर किलोमागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते. ३५० किलोच्या गाईला हे होतात १०५ ते १७५ ग्रॅम. खनिज कमी पडलं तर दहा दिवसांत भरून काढता येतं, युरियाचा हिशोब एका घमेल्यात संपतो. खाल्ल्यावर वीस मिनिटं ते तासाभरात अंग थरथरणं, तोंडाला फेस, पोटफुगी, धाप आणि तोल जाणं सुरू होतं. असं दिसलं तर उरलेलं खाद्य गव्हाणीतून काढून घ्या आणि डॉक्टरांना लगेच फोन करा, फोनवरच "युरिया असू शकतो" असं सांगा. व्हिनेगर आणि थंड पाणी घरात असेल तर तयार ठेवा, पण किती आणि कसं पाजायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आडव्या पडलेल्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका.

घरी मिसळायच्या खाद्यात युरिया घालू नये, असंच आमचं स्पष्ट मत आहे. सहा महिन्यांखालच्या वासरांना तर तो मुळीच नको. शेतात टाकायचा नीम-कोटेड युरिया हा खतासाठीच आहे.

*नमुने केंद्रावर आणणार असाल तर*

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी नमुने आपल्या केंद्रावर आणावेत, मीटर आणि काटा तिथे आहे. दहा नमुन्यांच्या दहा पिशव्या, प्रत्येकी किमान १०० ग्रॅम, आणि मीठ-खनिज न घातलेल्या खाद्याची अकरावी. सोबत कागदावर एवढं लिहा: मिक्सर उभा की आडवा की हाताने, किती किलोची घाण, किती मिनिटं फिरवलं, मीठ बारीक की खडे. मिक्सर दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव लिहायची गरज नाही. तोंड घट्ट बांधा, ओला माल आणू नका. आणि नंबर पिशवीवर बाहेरून पेनाने लिहा, चिठ्ठी आत टाकली की ती खाद्याबरोबर काट्यावर येते.